कासवांच्या वेळापत्रकाने आखलेली वेळासची सहल

रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, सावित्री नदी समुद्राला मिळते त्या बाणकोट खाडीच्या दक्षिणेस, मंडणगड तालुक्यात वेळास नावाचे छोटे गाव आहे. नाना फडणवीसांचे मूळ गाव म्हणून इतिहासाच्या अभ्यासकांना ते पूर्वीपासून ठाऊक होते. आता मात्र माघ-फाल्गुनात तेथे येणारी बहुतेक माणसे ऑलिव्ह रिडले जातीच्या समुद्री कासवांची पिल्ले पुळणीवरून समुद्रात जाताना पाहण्यासाठी येतात. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र या संस्थेने २००२ साली वेळासच्या ग्रामस्थांना सोबत घेऊन येथील घरट्यांच्या संरक्षणाचे काम सुरू केले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. त्यापूर्वी किनाऱ्यावरची अंडी माणसे काढून नेत असत आणि उरलेली कोल्ह्या-कुत्र्यांच्या तोंडी जात असत. आज त्याच गावातील तरुण पहाटे उठून घरटी शोधतात आणि त्याच गावातील घरे पाहुण्यांची व्यवस्था करतात.

प्राणी पाहण्याची आवड असलेल्या आणि त्यासाठी दोन-तीन दिवस प्रवास करण्याची तयारी असलेल्या माणसाला महाराष्ट्रात याहून चांगली सहल क्वचितच मिळेल, असे माझे मत आहे. तरीही अनेक कुटुंबे वेळासहून निराश होऊन परततात, आणि त्याचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते: त्यांनी सहल आपल्या सोयीने आखलेली असते. पिल्ले वाळूतून कधी वर यायचे हे वाळूच्या उष्णतेवर ठरते, शनिवार-रविवारवर नाही. म्हणून पुढील सर्व सूचना कासवाच्या जीवनक्रमापासून सुरू होतात आणि मुक्काम, रस्ता, सामान यांचा विचार त्याच्या मागोमाग येतो.

कासवाचे वेळापत्रक आधी समजून घ्यावे

ऑलिव्ह रिडलेची मादी साधारणपणे नोव्हेंबर ते मार्च या काळात रात्री किनाऱ्यावर येते, भरतीच्या रेषेच्या वर कोरडी वाळू शोधते, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल मडक्याच्या आकाराचा खड्डा खणते, त्यात शंभर ते दीडशे अंडी घालते, खड्डा बुजवते, अंगाच्या भाराने वाळू दाबून सपाट करते आणि समुद्रात निघून जाते. पिल्लांशी तिचा पुढे काहीही संबंध येत नाही. ओडिशातील गहिरमाथा आणि ऋषिकुल्या येथे हजारो माद्या एकाच वेळी किनाऱ्यावर येतात. कोकणात तसे होत नाही. येथे मादी एकटी येते आणि एका किनाऱ्यावर संपूर्ण हंगामात मोजकीच घरटी होतात, त्यामुळे प्रत्येक घरट्याचे मोल मोठे आहे.

कासवमित्र, म्हणजे घरटी राखणारे गावातील तरुण, पहाटे किनारा चालत मादीच्या येण्या-जाण्याचा माग शोधतात. हा माग ट्रॅक्टरच्या चाकासारखा दिसतो. घरटे सापडले की अंडी अलगद काढून, त्यांची वरची बाजू वरच राहील याची काळजी घेत, ती जाळीच्या कुंपणाने बंदिस्त केलेल्या हॅचरीत हलवतात आणि नैसर्गिक घरट्याइतक्याच खोलीच्या खड्ड्यात ठेवतात. हे काम पहिल्या काही तासांतच करावे लागते, कारण त्यानंतर अंड्यातील गर्भ कवचाच्या वरच्या बाजूला चिकटू लागतो आणि अंडे उलटले तर गर्भ मरतो.

त्यानंतर साधारण ४५ ते ६० दिवसांनी पिल्ले बाहेर येतात. थंडीच्या दिवसांत घातलेल्या अंड्यांना अधिक दिवस लागतात, उन्हाळ्याकडे झुकलेल्या घरट्यांना कमी. याच उष्णतेवर पिल्लू नर होणार की मादी हेही ठरते: २९ अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही होतात, वाळू त्याहून थंड असेल तर नर अधिक आणि उष्ण असेल तर माद्या अधिक. अंड्याचे कवच फोडल्यावरही पिल्ले लगेच वर येत नाहीत. ती एकमेकांना रेटा देत, वरची वाळू खाली पाडत, काही दिवसांत हळूहळू वर सरकतात आणि वरची वाळू थंड झाली की एकदम बाहेर पडतात. हॅचरीतील खड्ड्यांवरच्या टोपल्या सकाळी आणि संध्याकाळी उघडून पाहतात, भर दुपारी नाही, त्यामागे हेच कारण आहे.

या सगळ्यावरून पाहुण्याला तारीख ठरवता येते. घरटी डिसेंबर-जानेवारीत मिळाली तर पिल्ले फेब्रुवारी-मार्चमध्ये निघतात आणि उशिराची घरटी एप्रिलपर्यंत, क्वचित त्याच्याही पुढे, चालतात. एका वर्षाच्या तारखा दुसऱ्या वर्षी लागू पडत नाहीत. मागच्या वर्षी मित्राला अमुक आठवड्यात पिल्ले दिसली म्हणून यंदा त्याच आठवड्याचे आरक्षण करणे ही सर्वांत सामान्य चूक आहे.

दूरध्वनीवर विचारायचा नेमका प्रश्न

महोत्सवाच्या तारखा जाहीर झाल्या की पुष्कळ लोक थेट खोली मिळेल का एवढेच विचारतात. त्याऐवजी वेळासमधील ज्या घरी उतरायचे आहे त्या दादांना किंवा काकूंना असे विचारावे की सध्या हॅचरीत किती घरटी आहेत, त्यांपैकी पन्नास दिवस पूर्ण होत आलेली किती आणि आमच्या तारखांच्या आसपास कोणती घरटी येतात. हॅचरीत प्रत्येक खड्ड्याशेजारी एक पाटी असते, तीवर घरटे मिळाल्याची तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली असते. त्यामुळे गावातील माणसाला या प्रश्नाचे उत्तर देणे कठीण नसते. समजा, एखादे घरटे २० जानेवारीला मिळाले आहे. त्याचे पन्नास दिवस मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात भरतात, म्हणून मार्चच्या पहिल्या आठवड्याच्या अखेरीपासून तिसऱ्या आठवड्यापर्यंत त्यावर लक्ष ठेवावे लागते. आपल्या मुक्कामात अशी तीन-चार घरटी येत असतील तर पिल्ले दिसण्याची शक्यता चांगली आहे असे समजावे. एकही येत नसेल तर तारीख बदलावी, मग सुट्टी कितीही सोयीची असो.

मुक्काम दोन रात्रींचा ठेवावा, हा या लेखातील सर्वांत महत्त्वाचा सल्ला आहे. शुक्रवारी संध्याकाळपूर्वी पोहोचून रविवारी सकाळी निघालात तर शुक्रवारची संध्याकाळ, शनिवारची सकाळ आणि संध्याकाळ, रविवारची सकाळ अशा चार वेळा मिळतात. शनिवारी दुपारी येऊन रविवारी सकाळी परतणाऱ्याला फक्त दोन मिळतात आणि उशीर झाला तर एकच. शक्य असेल तर मधल्या वारी जावे. शनिवार-रविवारी कुंपणापाशी मोठी गर्दी होते आणि मागच्या रांगेतून पिल्लू दिसणे कठीण असते. मंगळवारी-बुधवारी तोच किनारा जवळजवळ मोकळा मिळतो आणि कासवमित्रांनाही तुमच्याशी निवांत बोलता येते.

फाल्गुनात आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. कोकणात शिमगा हा वर्षातील सर्वांत मोठ्या सणांपैकी एक आहे. ग्रामदेवतेची पालखी घरोघर येते, मुंबईचे चाकरमानी गावी येतात आणि घरे भरलेली असतात. त्या दिवसांत एखाद्या घराने पाहुणे घेण्यास नकार दिला तर त्याचे वाईट वाटून घेऊ नये. ज्याने होकार दिला त्याच्याकडे पालखी येईल त्या वेळी जेवणाच्या वेळा पुढे-मागे होतील हे आधीच गृहीत धरावे.

मुक्कामाचे घर

वेळासची व्यवस्था हॉटेलची नाही, घरांची आहे. एका मोठ्या खोलीत अनेकांनी गाद्या टाकून झोपणे, न्हाणीघर सामायिक असणे, पंखा असणे आणि वातानुकूलन नसणे, ही तेथील सर्वसाधारण पद्धत. आरक्षण करताना चार गोष्टी स्पष्ट विचाराव्यात: खोली स्वतंत्र की सामायिक, शौचालय घरातच आहे की अंगणापलीकडे, जेवणाचा खर्च राहण्याच्या पैशांत धरला आहे का, आणि घरातील वृद्धांसाठी खाट मिळेल का. जेवण बहुतेक ठिकाणी शाकाहारी असते आणि ते त्या घराच्या चुलीवर त्या दिवशी जे होईल ते असते. मार्चमध्ये ओल्या काजूची उसळ, कुळथाचे पिठले, तांदळाची भाकरी, सोलकढी, न्याहारीला घावणे किंवा आंबोळ्या मिळतील. मोदक हवे असतील तर आदल्या दिवशी सांगावे, ऐनवेळी मागू नयेत. उकड काढून मोदक वळणे हे कष्टाचे काम आहे.

रोख पैसे सोबत ठेवावेत आणि गाडीत इंधन मंडणगडलाच भरून घ्यावे. मोबाईलचे नेटवर्क सर्वत्र सारखे मिळत नाही, म्हणून यजमानांचा क्रमांक आणि घराची खूण कागदावर लिहून घ्यावी.

रस्ता

मुंबईहून निघणाऱ्यांनी मुंबई-गोवा महामार्गाने पेण, कोलाड मार्गे माणगावपर्यंत यावे. पुण्याहून ताम्हिणी घाट उतरून निजामपूरमार्गे माणगावच गाठता येते. माणगावपासून दोन मार्ग आहेत. पहिला गोरेगाव, आंबेत, मंडणगड असा पूर्णपणे रस्त्याचा आहे. मंडणगडपासून पुढे वळणावळणाचा साधारण तासाभराचा रस्ता उरतो. दुसरा म्हसळा आणि श्रीवर्धनकडून हरिहरेश्वराजवळच्या बागमांडल्यापर्यंत जातो. तेथे फेरीबोटीवर गाडी चढवून सावित्रीची खाडी ओलांडली की पलीकडे वेसवीला उतरता येते आणि बाणकोटवरून वेळास जवळच आहे. दुसरा मार्ग अधिक रम्य आहे आणि मुलांना बोटीवर गाडी चढताना पाहण्याचा फार आनंद होतो, परंतु फेरीच्या वेळा आणि सुट्टीच्या दिवशीची रांग यांचा अंदाज घेतल्याशिवाय तो निवडू नये. शेवटची फेरी चुकली तर मंडणगडमार्गे मोठा वळसा पडतो. आंबेतच्या पुलाची आणि रस्त्यांच्या कामांची त्या वेळची स्थिती यजमानांना निघण्याच्या आदल्या दिवशी विचारावी; नकाशाच्या ॲपपेक्षा त्यांची माहिती ताजी असते.

मुंबई किंवा पुणे, दोन्हीकडून अंतर २०० किलोमीटरच्या थोडे अलीकडे-पलीकडे आहे, तरीही थांबे धरून सात तास हाताशी ठेवावेत. संध्याकाळी टोपल्या साधारण ६ वाजता उघडतात आणि गावातून पुळणीपर्यंत चालत जावे लागते, म्हणून दुपारी ४ पर्यंत गावात पोहोचणे हे लक्ष्य ठेवावे. एस.टी.ने येणाऱ्यांनी आधी मंडणगड गाठावे आणि तेथून वेळासकडे जाणाऱ्या गाड्यांची वेळ आगारात विचारून ठेवावी. या गाड्या थोड्या असतात.

सामानात काय असावे, काय नसावे

टोपी, पाण्याची बाटली, वाळूत सहज काढता-घालता येतील अशा चपला, पातळ चादर आणि नेहमीची औषधे पुरेशी आहेत. पहाटे गावातून किनाऱ्याकडे जाताना अंधार असू शकतो, त्यासाठी विजेरी घ्यावी आणि तिच्या काचेवर लाल जिलेटिन कागद बांधावा. वाळूवर पोहोचताच ती बंद करावी. पिल्ले अंधारात उजळ क्षितिजाकडे चालतात. निसर्गात ते क्षितिज समुद्राचे असते, परंतु किनाऱ्यावर दिवे असतील तर पिल्ले उलटी गावाकडे वळतात.

काय नसावे याबद्दल मात्र सविस्तर लिहिणे आवश्यक वाटते, कारण येथे चूक प्राण्यांवर प्रेम करणाऱ्यांकडूनच होते. घरचा कुत्रा वेळासला आणू नये. तो कितीही शिकवलेला आणि शांत असला तरी कासवाच्या घरट्याचा वास कुत्र्याला लांबून येतो, आणि कोकणातील घरट्यांचा नाश करणाऱ्या प्राण्यांमध्ये कोल्ह्याबरोबर कुत्रा हा प्रमुख आहे. त्याच कारणाने किनाऱ्यावरच्या भटक्या कुत्र्यांना बिस्किटे घालू नयेत. पुळणीवर अन्न मिळते हे एकदा कळले की कुत्रे तेथेच रेंगाळतात, आणि पर्यटक घरी गेल्यावर रात्री मादी अंडी घालायला वर येते तेव्हा ते तेथेच असतात. कुत्र्यांविषयीची माया गावात, घराच्या अंगणात दाखवता येते. पुळणीवर ती कासवाच्या मुळावर येते.

ड्रोन आणू नये. कॅमेरा आणावा, पण फ्लॅश बंद आहे याची खात्री गावातच करून घ्यावी. ऐनवेळी बटण शोधताना चुकून उजेड पडतो. पिल्लू जेमतेम ४ सेंटिमीटर लांबीचे असते, त्यामुळे उभ्याने वरून घेतलेल्या छायाचित्रात ते काळ्या ठिपक्यासारखे दिसते. दोरीच्या बाहेर, कडेला, वाळूवर पालथे पडून घेतलेले छायाचित्र सर्वांत चांगले येते.

टोपली उघडताना

ठरलेल्या वेळी कासवमित्र कुंपणाच्या आत जातात आणि एकेका खड्ड्यावरची टोपली उचलतात. कधी खाली निव्वळ वाळू असते. कधी वाळू मध्यभागी खचलेली दिसते, आणि जाणकाराला त्यावरून आत हालचाल आहे हे कळते. कधी टोपलीखाली वीस-तीस काळसर पिल्ले एकमेकांवर चढत असतात. पिल्ले निघाली असतील तर ती मोजली जातात, नोंद होते आणि टोपलीत घालून ती पाण्याच्या रेषेपासून काही अंतरावर वाळूत ठेवली जातात. दोन्ही बाजूंना दोरी लावून पाहुण्यांना उभे केले जाते आणि मधली वाट पिल्लांसाठी मोकळी राहते.

पिल्लांना थेट पाण्यात का सोडत नाहीत, असा प्रश्न मुले हमखास विचारतात आणि तो योग्य प्रश्न आहे. वाळूवरची ती थोडीशी चाल पिल्लाला आपला किनारा ओळखून ठेवण्यास उपयोगी पडते असे अभ्यासक मानतात; मोठी झाल्यावर माद्या ज्या भागात जन्मल्या त्या भागाकडे अंडी घालायला परततात. म्हणून पिल्लू अडखळले, उलटे वळले किंवा लाटेने मागे ढकलले तरी ते उचलून पुढे ठेवण्याचा मोह आवरावा. ते काम कासवमित्रांचे आहे आणि आवश्यक वाटल्यास ते करतात. ऑलिव्ह रिडले हे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतील प्राणी आहे. पिल्लू हाताळणे हा निव्वळ शिष्टाचाराचा प्रश्न नाही.

दोरीच्या आत पाऊल टाकू नये, त्यामागचे कारणही मुलांना आधी घरी समजावून सांगावे. ओल्या वाळूत उमटलेले माणसाचे पाऊल आपल्याला क्षुल्लक वाटते. चार सेंटिमीटरच्या पिल्लाला तो खड्डा असतो, आणि त्यात पडून उलटे झालेल्या पिल्लाची शक्ती सरळ होण्यात खर्च होते. ही शक्ती त्याला पुढे लागणार असते, कारण पाण्यात शिरल्यानंतर साधारण एक दिवस ते जवळजवळ न थांबता पोहते आणि त्या काळात पोटातील उरलेल्या बलकावरच जगते. लहान मुलांना पुढे बसवावे, मोठ्यांनी मागे उभे राहावे आणि बोलणे हळू ठेवावे.

एक अनुभव येथे सांगतो. पहिल्यांदा गेलो तेव्हा आम्हाला तीन वेळा रिकाम्या टोपल्या दिसल्या. चौथ्या वेळी, निघण्याच्या सकाळी, एकाच खड्ड्यातून सतरा पिल्ले निघाली. त्यांतील एक लाटेबरोबर तीन वेळा परत वाळूवर आले आणि तीनही वेळा थांबून, मान वर करून, पुन्हा पाण्याकडे चालू लागले. शेजारी उभ्या असलेल्या साठीच्या एका बाईंच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि माझी अवस्थाही वेगळी नव्हती. आदल्या दिवशी दुपारीच परतलेल्या दोन कुटुंबांची मला तेव्हा फार आठवण झाली. मुक्काम वाढवण्याचा आग्रह मी इतका करतो तो त्या सकाळमुळे.

पिल्ले निघाली नाहीत तरी हॅचरीपासून लगेच पाठ फिरवू नये. कासवमित्रांना पाट्यांवरच्या तारखा दाखवण्याची, माग कसा ओळखतात हे सांगण्याची विनंती करावी. वेळासमध्ये जानेवारी २०२२ मध्ये एका मादीच्या पाठीवर उपग्रह ट्रान्समीटर बसवण्यात आला आणि तिचे नाव ‘प्रथमा’ ठेवण्यात आले. पश्चिम किनाऱ्यावर अशा रीतीने अभ्यासलेली ती पहिली ऑलिव्ह रिडले होती. पुढे २०२३ मध्ये गुहागरला टॅग केलेली ‘बागेश्री’ दक्षिणेला वळसा घालून बंगालच्या उपसागरापर्यंत गेली. उलट दिशेने, ओडिशात २०२१ मध्ये धातूची खूण लावलेली एक मादी २०२५ मध्ये गुहागरच्या किनाऱ्यावर अंडी घालताना आढळली. दोन किनाऱ्यांची कासवे वेगवेगळी असावीत ही समजूत त्यामुळे तपासून पाहावी लागत आहे.

मधल्या दुपारी

सकाळची वेळ संपल्यापासून संध्याकाळपर्यंत सात-आठ तास मोकळे असतात. ते धावपळीत घालवू नयेत. तरी बाणकोटचा किल्ला जवळच आहे आणि त्याच्या तटावरून सावित्रीच्या मुखाचे दृश्य पाहण्यासारखे आहे. इंग्रजांनी या किल्ल्याला फोर्ट व्हिक्टोरिया असे नाव दिले होते. दक्षिणेकडे केळशी आणि त्यापुढे आंजर्ले, हर्णै ही गावे आहेत. हर्णैच्या बंदरावर संध्याकाळी होणारा मासळीचा लिलाव प्रसिद्ध आहे, पण तो पाहायचा तर वेळासची संध्याकाळ सोडावी लागते, म्हणून तो परतीच्या प्रवासासाठी किंवा वेगळ्या सहलीसाठी ठेवावा.

मला विचाराल तर पक्षी पाहणाऱ्याने दुपारी गावातच राहावे. वाडीतल्या आंब्या-फणसांत धनेश दिसू शकतो. किनाऱ्यावरच्या उंच झाडांवर आणि आभाळात समुद्री गरुड शोधावा. पांढरे पोट, राखाडी पाठ आणि पाचरीच्या आकाराची छोटी शेपटी ही त्याची ओळख. वेळासच्या कासवकथेची सुरुवातच या पक्ष्यापासून झाली, कारण समुद्री गरुडाची पाहणी करत फिरणाऱ्या सह्याद्री निसर्ग मित्रच्या कार्यकर्त्यांना येथे कासवाच्या अंड्यांची टरफले आढळली होती. मार्चपर्यंत कुरव पक्ष्यांचे थवे पाण्याच्या कडेला असतात. ओहोटीच्या वेळी वाळूवर खेकड्यांनी टाकलेल्या बारीक गोळ्यांची नक्षी पाहण्यात मुलांचा तास सहज जातो.

जखमी कासव आढळले तर

पुळणीवर चालताना मोठे कासव निपचित पडलेले किंवा जाळ्याच्या तुकड्यात गुंतलेले दिसू शकते. त्याला समुद्रात ढकलू नये. थकलेले कासव पाण्यात बुडून मरते, कारण ते फुप्फुसांनी श्वास घेते. सावली करावी, पाठीवर ओले फडके ठेवावे, नाकपुड्या मोकळ्या ठेवाव्यात, लोकांना दूर करावे आणि कासवमित्रांना बोलवावे किंवा वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवावे. जाळ्यात सापडलेले संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी मच्छीमाराने स्वतःचे जाळे कापले तर त्याला राज्य शासन नुकसानभरपाई देते. ही योजना २०१८ च्या अखेरीस सुरू झाली. किनाऱ्यावरील एखाद्या तांडेलाशी, म्हणजे मासेमारी होडीच्या प्रमुखाशी, बोलण्याची संधी मिळाली तर त्याला ही योजना ठाऊक आहे का, हे अवश्य विचारावे.

वेळास चुकले तर आणि वेळासनंतर

वेळासला जागा मिळाली नाही तर दापोली तालुक्यातील आंजर्ले हा उत्तम पर्याय आहे. तेथेही हॅचरी आणि महोत्सव आहे, राहण्याची सोय अधिक विविध आहे आणि कड्यावरच्या गणपतीचे दर्शन सहलीत बसते.

तारखा प्राण्यांना विचारून ठरवण्याची हीच पद्धत वर्षभरातील इतर सहलींनाही वापरता येते. डिसेंबर ते मार्च या काळात उजनी जलाशयाच्या फुगवट्यावर भिगवणजवळील कुंभारगाव आणि डिकसळ येथे रोहित पक्षी (फ्लेमिंगो) आणि हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस दिसतात. तेथे स्थानिक मच्छीमारांच्या होडीतून, सूर्योदयाच्या वेळी जावे आणि होडीत बसण्यापूर्वीच नावाड्याला सांगावे की थवा उडवायचा नाही, लांबूनच पाहायचे आहे. थवा उडाल्याचे छायाचित्र हवे असणारे पाहुणेच अधिक भेटत असल्याने नावाडी सवयीने होडी जवळ नेतात. आपण स्पष्ट सांगितले तर त्यांनाही ते आवडते. मुंबईकरांना रोहित पक्षी ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रातून ठाणे खाडीत होडीने पाहता येतो. तेथे होडीची वेळ भरती-ओहोटीप्रमाणे रोज बदलते, म्हणून आरक्षणाआधी त्या दिवसाची वेळ पाहावी. ठाणे खाडीचे हे अभयारण्य २०१५ मध्ये घोषित झाले आणि २०२२ मध्ये त्याला रामसर स्थळाचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागेचा, दर्जा मिळाला.

मेअखेर ते जूनच्या मध्यापर्यंत, वळिवाच्या सरी पडून गेल्यावर, अकोले तालुक्यातील भंडारदरा आणि पुरुषवाडीच्या परिसरात काजवे निघतात. हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ अशा झाडांवर नर काजवे मादीला बोलावण्यासाठी लुकलुकतात आणि मुसळधार पाऊस सुरू झाला की हा खेळ संपतो. अमावास्येच्या आसपासची रात्र निवडावी. गाडी गावात उभी करून चालत जावे, कारण रांगेने येणाऱ्या गाड्यांच्या झोतात काजव्यांचे संकेत हरवतात. झाडाला हात लावू नये आणि काजवे बाटलीत भरू नयेत.

या सर्वांत अधिक तयारी वैशाखातील बुद्धपौर्णिमेला लागते. त्या रात्री ताडोबा, मेळघाट, पेंच अशा जंगलांत वन विभाग ‘निसर्गानुभव’ या कार्यक्रमात नोंदणी केलेल्या नागरिकांना पाणवठ्याजवळच्या मचाणावर बसू देतो आणि पाण्यावर येणाऱ्या प्राण्यांची नोंद करायला सांगतो. जागा थोड्या असतात आणि लवकर भरतात, म्हणून एप्रिलच्या सुरुवातीपासूनच नोंदणीच्या सूचनेवर लक्ष ठेवावे. मातकट किंवा गडद कपडे घालावेत, अत्तर लावू नये, वेष्टनाचा आवाज होणार नाही असा डबा न्यावा आणि मचाणावर चढण्यापूर्वी सर्व नैसर्गिक विधी उरकून घ्यावेत, कारण सकाळी वनरक्षक न्यायला येईपर्यंत खाली उतरता येत नाही. दम्याचा किंवा न थांबणाऱ्या खोकल्याचा त्रास असलेल्या व्यक्तीने त्या वर्षी मचाण टाळून दिवसाची सफारी करावी. मचाणावरच्या एका खोकल्याने पाणवठ्याकडे निघालेले अस्वल पुन्हा झाडीत वळते आणि त्या रात्री तहानलेलेच राहू शकते.